काचेचा तंतु आणि भूमीचा आवाज

१५ फेब्रुवारी २०२३ रोजीं लातूर शहरांत विवेकानंद चौकाच्या परिसरांत जमिनीखालून गूढ आवाज ऐकूं आले आणि भयभीत झालेलीं माणसें घराबाहेर पडलीं. भूकंपमापन केंद्रांवर चौकशी करतां तेथें कसल्याहि भूकंपाची नोंद झालेली नाहीं, असें उत्तर मिळालें. आवाज लोकांच्या कानांनीं ऐकला; यंत्रांनीं मात्र कांहींच टिपलें नाहीं. तत्पूर्वीं सप्टेंबर २०२२ मध्यें निलंगा तालुक्यांतील हासोरी या गांवीं असेच गडगडाट झाले होते आणि तेथें लहान धक्क्यांच्या नोंदी यंत्रावर मिळाल्या होत्या. त्याहूनहि मागें गेलें तर २००६ सालच्या अखेरीपासून नांदेड शहरांत लहान लहान धक्के आणि त्यांच्यासोबत स्फोटासारखे आवाज यांची एक मालिकाच सुरू झाली, व पुढें हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेला त्या मालिकेच्या अभ्यासाकरितां तेथें यंत्रें बसवावीं लागलीं.

अन्य कोठें असे आवाज झाले असते तर ते चार दिवस चर्चेचा विषय होऊन विरून गेले असते. लातूर-नांदेडकडे तसें होत नाहीं, आणि त्याचें कारण आपणांस ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास थोडा अवकाश असतां, किल्लारीच्या भूमीनें जो धक्का दिला त्यानें लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त केलीं. गणेशविसर्जन आटोपून माणसें घरांत झोंपलेलीं. भिंती हातभर, दोन-दोन हात जाडीच्या, दगडाच्या आणि मातीच्या गिलाव्यांत रचलेल्या. वर माळवद, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या दर पावसाळ्यापूर्वीं घातलेल्या मातीचा थर. उन्हाळ्यांत जें घर थंडावा देई, तेंच त्या पहाटे समाधि झालें. भूकंपाचें मान ६·२ होतें. जगाच्या हिशेबानें तें फार मोठें नव्हे. परंतु सुमारें दहा हजार माणसें गेलीं.

या प्रसंगाचा एक भाग आजच्या विषयाशीं निगडित आहे. किल्लारीच्या आसपास १९९२ च्या ऑक्टोबरापासून लहान धक्के बसत होते आणि जमिनींतून आवाज येत होते. लोक कांहीं दिवस उघड्यावर निजले, नंतर पुन्हां घरांत गेले. त्यांनीं दुसरें काय करावयास हवें होतें, हें मागाहून सांगणें सोपें आहे. परिसरांत भूकंपमापकांचें दाट जाळें नसल्यामुळें त्या वेळीं हे आवाज नेमके कोठून, किती खोलीवरून व कोणत्या कारणानें येतात, हें त्यांस नीटपणें सांगूं शकेल असें कोणी नव्हतें. हासोरीच्या किंवा लातूरच्या माणसाला आज जें हवें आहे तें हेंच उत्तर आहे. भविष्य नको, निदान वर्तमान तरी कळावें.

हें उत्तर मिळविण्याचें एक नवें साधन गेल्या कांहीं वर्षांत शास्त्रज्ञांच्या हातीं आलें आहे. तें म्हणजे काचेचा तंतु, आपण ज्याला ऑप्टिकल फायबर म्हणतों तोच. आपल्या घरीं दूरध्वनि आणि इंटरनेट ज्यांतून येतें, रस्त्याकडेनें खणलेल्या चरांतून ज्याच्या केबली गेलेल्या आपण पाहतों, तोच हा केसासारखा बारीक धागा. काचेंत शिरलेला प्रकाश तिच्या कडांवर पुन्हां पुन्हां परावर्तन पावत बाहेर न पडतां पुढें जातो, हें त्याचें तत्त्व. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडन येथें हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठवून दाखविलें, तें १९५४ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९६६ त चार्ल्स काव यांनीं असें प्रतिपादिलें कीं, काच पुरेशी शुद्ध केली तर असा तंतु दूरवर संदेश नेऊं शकेल. त्याबद्दल त्यांस २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

पण काच कितीहि शुद्ध केली तरी तिच्या अंतरंगांत घनतेचे अतिसूक्ष्म चढउतार राहतातच. ती वितळलेल्या स्थितींतून थिजत असतां ते जणूं गोठून बसतात. त्या प्रत्येक ठिकाणीं प्रकाशाचा अत्यल्प अंश विखुरतो, आणि त्यांतला कांहीं भाग उलट, आला त्या वाटेनें, परत येतो. आकाश निळें कां दिसतें याचा उलगडा ज्या विखुरण्यानें होतो, तेंच हें. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं तें १८७१ त उलगडलें. याच गृहस्थांनीं १८७७-७८ त ध्वनिशास्त्रावर दोन खंडांचा आधारग्रंथ लिहिला आणि १८८५ त भूपृष्ठावरून लोळत जाणाऱ्या ज्या लहरींचें गणित मांडलें, त्या भूकंपलहरी आज त्यांच्याच नांवानें ओळखल्या जातात. प्रकाश, ध्वनि आणि भूकंप या तिन्ही विषयांत ज्यांनीं काम केलें त्यांच्या तिन्ही शोधांची गांठ एका काचेच्या धाग्यांत पडावी, हा योगायोग मला मोठा रमणीय वाटतो.

तर युक्ति अशी. तंतूच्या एका टोंकाशीं लेसरचें यंत्र बसवावयाचें व त्यांतून प्रकाशाचा अतिशय आंखूड ठोका तंतूंत सोडावयाचा. काचेंत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर. दहा किलोमीटर अंतरावरून विखुरलेला प्रकाश परत यावयास वीस किलोमीटरांचा प्रवास, म्हणजे सेकंदाचा दहाहजारावा हिस्सा लागतो. पांच किलोमीटरांवरून आलेला त्याच्या निम्म्या वेळांत येतो. त्यामुळें कोणता प्रकाश कोठून आला हें केवळ घड्याळावरून कळतें. आतां समजा, तंतूच्या एका भागाखालून जमिनीची लहर गेली आणि तो भाग रेसभर ताणला गेला. तर तेथून येणाऱ्या प्रकाशलहरींची चढउताराची पायरी बदलते. शास्त्रीय भाषेंत तिला कला म्हणतात. एकामागून एक ठोके सोडून हा बदल मोजीत गेलें कीं तंतूच्या प्रत्येक दहा मीटरांच्या भागाचें थरथरणें आपल्यापुढें उभें राहतें. पन्नास किलोमीटरांची एक केबल म्हणजे ओळीनें मांडलेले पांच हजार कान. आणि वाटेंत कोठेंहि वीज नको, बॅटरी नको, यंत्र नको. सर्व खटाटोप एका टोंकाला, एका खोलींत.

या कानांची तीक्ष्णता किती, हें आंकड्यांतच सांगितलें पाहिजे. सामान्यतः वापरतात तो प्रकाश १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. दहा मीटर तंतूची लांबी एका मायक्रोमीटरच्या दशांशानें वाढली तर कलेंत सुमारें एक रेडियनचा फरक पडतो. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रोमीटर धरली तर त्याचा हा सातशेवा भाग झाला. आणि यंत्राला याहूनहि पुष्कळ लहान फरक कळतो. येथें एक गंमत आहे. तंतु ताणला म्हणजे त्याची लांबी वाढते, पण त्याबरोबर काचेचा वक्रीभवनांक थोडा घटतो, आणि त्यामुळें परिणामाचा जवळजवळ पांचवा हिस्सा परस्पर कापला जातो. हिशेब करणारा ही गोष्ट विसरला तर सारें मोजमापच तेवढ्यानें चुकावयाचें.

येथून आजचा खरा विषय सुरू होतो, तो म्हणजे हिशेबाचा. असा तंतु पुरला आणि ऐकूं लागलों, इतकें हें सोपें नाहीं. तंतु आपणांस आवाज ऐकवीत नाहीं. तो ताण दाखवितो. त्या ताणावरून मूळ आवाजाकडे जावयाचें तर भूमि, केबल आणि प्रकाश या तिहींची एक गणिती प्रतिकृति आधीं संगणकांत उभारावी लागते. अमक्या खोलीवर अमका धक्का बसला असतां या केबलींतून काय दिसेल, हें अगोदर कागदावर काढावयाचें, आणि मग प्रत्यक्ष जें दिसलें त्याशीं ताडून पाहावयाचें. असा कागद हातीं नसेल तर लक्षावधि आंकडे मिळूनहि माणूस आंधळाच राहील.

पहिली अडचण लांबीची. यंत्र दहा मीटरांच्या पट्ट्याचा एकत्रित ताण मोजतें. आपल्याकडील काळ्या मातींतून कांहीं लहरी सेकंदाला दोनशे मीटर इतक्या मंद जातात. अशा मातींतून सेकंदाला वीस आंदोलनांची लहर गेली तर तिची लांबी बरोबर दहा मीटर भरते. म्हणजे त्या पट्ट्याचा अर्धा भाग ताणलेला, अर्धा आंकसलेला, बेरीज शून्य. लहर डोळ्यांदेखत पायांखालून गेली आणि यंत्र म्हणतें, कांहीं झालेंच नाहीं! तीच वीस आंदोलनांची लहर खालच्या काळ्या पाषाणांतून सेकंदाला पांच किलोमीटर वेगानें जात असेल तर तिची लांबी अडीचशे मीटर होते आणि दहा मीटरांचा पट्टा तिला सहज पकडतो. मग पट्टा आंखूड कां करूं नये? तर तो आंखूड केला कीं ताणाची रक्कमहि लहान होते आणि ती यंत्राच्या स्वतःच्या खरखरींत बुडून जाते. कोणता पट्टा घ्यावा याचा निर्णय तेथील माती किती जाड आहे व खालीं खडक कोणता आहे, हें जाणल्याशिवाय करतां येत नाहीं.

आणि या बाबतींत लातूर व नांदेड सारखे नाहींत. किल्लारीस भूकंपानंतर संशोधनासाठीं सहाशे मीटरांहून खोल छिद्र घेण्यांत आलें. त्यांत वरचे सुमारें ३४० मीटर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर लागले व त्यांच्याखालीं, मध्यें थोडा गाळाचा थर सोडून, पुरातन स्फटिकमय खडक मिळाला. नांदेड जिल्ह्यांत पूर्वेकडे व आग्नेयेकडे जावें तसतसा हा लाव्ह्याचा पापुद्रा पातळ होत जातो आणि देगलूर-बिलोलीच्या बाजूस खालचा ग्रॅनाइटच उघडा पडतो. लातूरसाठीं तयार केलेली प्रतिकृति उचलून नांदेडास लावली तर ती चालावयाची नाहीं.

दुसरी अडचण दिशेची. सरळ पसरलेला तंतु केवळ आपल्या लांबीच्या दिशेचा ताण जाणतो. ध्वनीसारखी दाब आणि विरळपणा यांची लहर तंतूच्या रोखानें आली तर ती पूर्ण जाणवते, पंचेचाळीस अंशांच्या कोनांतून आली तर निम्मी, आणि काटकोनांतून आली तर मुळींच जाणवत नाहीं. आतां लक्षांत घ्या: आपल्याला हवा आहे तो आवाज खालून, थेट पायांखालून येणारा, आणि केबल तर जमिनीशीं समांतर पुरलेली! म्हणजे नेमक्या आवाजाच्या माथ्यावरच केबल बहिरी. प्रथमदर्शनीं हें साधनाचें अपयश वाटेल. परंतु गणित केलें असतां असें दिसतें कीं, खडक एकसारखा असेल तर एक किलोमीटर खोलीवरच्या आवाजासाठीं माथ्यापासून एक किलोमीटर दूर जातां कोन पंचेचाळीस अंश होतो आणि तंतु बोलूं लागतो. मध्यें शांत, दोन्ही बाजूंस जागा, अशी एक आकृति उमटते. आणि ती शांत जागाच आवाजाचा माथा कोठें आहे तें दाखविते. खरी भूमि इतकी सरळ नाहीं. मंद मातींत शिरतांना लहरी वर वळतात व कोन बदलतो, आणि म्हणूनच मातीचा थर प्रतिकृतींत घालावा लागतो.

दुसरा उपाय म्हणजे तंतु उभाच सोडणें. तेल काढणाऱ्या कंपन्या खोल विहिरींत अशा केबली सोडून भूगर्भाचें चित्र घेत आल्या आहेत. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें; त्या भागांत कोरड्या बोअरचा तुटवडा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. पाणी न लागलेलें एखादें खोल बोअर निवडून त्यांत तंतु सोडावा आणि भोंवतीं वाळू किंवा सिमेंट भरून तो खडकाशीं घट्ट बसवावा. ज्या छिद्रानें शेतकऱ्याचा पैसा गिळला तें निदान भूमीचा आवाज तरी ऐकील.

तिसरी अडचण मला सर्वांत कठीण वाटते, आणि पाश्चात्त्य ग्रंथांत तिच्याविषयीं जितकें आढळतें त्याहून आपल्याकडे ती जास्त जाचक होईल. ती म्हणजे तंतु आणि माती यांची गांठ. जमीन हलली तर केबलीनेंहि तितकेंच हललें पाहिजे. आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते, चिकट होते व केबलीला मिठी मारते. तीच वैशाखांत वाळून आंकसते आणि तींत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या चरांत ऑगस्टमध्यें केबल मातीशीं एकजीव होती, त्याच चरांत मे महिन्यांत ती ठिकठिकाणीं पोकळींत लोंबकळत असेल. तोच धक्का दोन ऋतूंत दोन प्रकारें दिसेल. दूरसंचाराच्या केबली तर प्लास्टिकच्या नळींतून ओढलेल्या असतात, त्यामुळें ही गांठ आणखीच सैल. यावर शास्त्रज्ञांचा उपाय अगदीं साधा आहे. केबलीच्या वाटेवर ठराविक ठिकाणीं लोखंडी तबकडी ठेवून तिच्यावर घणाचे घाव घालावयाचे, आणि प्रत्येक पट्टा त्याला कसा उत्तर देतो तें नोंदवावयाचें. हें वर्षांतून निदान दोनदां, एकदां भर पावसाळ्यांत व एकदां कडक उन्हाळ्यांत, केल्याविना येथील प्रतिकृतीवर विश्वास ठेवूं नये, असें माझें मत आहे.

इतकें जमलें म्हणजे विवेकानंद चौकाच्या प्रश्नाकडे वळतां येईल. आवाज जमिनींतला कीं हवेंतला, हा पहिला प्रश्न. आणि त्याचें उत्तर वेगावरून मिळतें. धक्का एक किलोमीटर खोलीवर, खडकांत झाला असेल तर माथ्यावर तो सेकंदाच्या पांचव्या भागांत पोंचेल आणि तेथून तीन किलोमीटर अंतरावरच्या केबलीपर्यंत जावयास त्याला एकंदर दोनतृतीयांश सेकंदाहूनहि कमी वेळ लागेल. तोच आवाज हवेंतल्या स्फोटाचा असेल तर हवेंतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असल्यामुळें तीन किलोमीटरांवर तो जवळजवळ नऊ सेकंदांनीं पोंचेल. अवजड मालमोटार जात असेल तर तिची खूण केबलीवरून सेकंदाला पंधरा-वीस मीटर याच गतीनें सरकत जाईल. तिन्हींचीं चित्रें इतकीं निराळीं कीं शाळेंतला मुलगाहि तीं ओळखील. एकट्या भूकंपमापकाला हा भेद करणें फार अवघड. त्याला एकाच जागीं काय झालें तेवढेंच कळतें. शिवाय फारच लहान आणि उथळ धक्का कांहीं किलोमीटरांत क्षीण होतो, व केंद्र तितक्याच अंतरावर असेल तर त्याला पत्ताहि लागत नाहीं.

उथळ धक्क्यांचा आवाज कां होतो, हेंहि सांगितलें पाहिजे. आपला कान सेकंदाला वीस आंदोलनांच्या खालचा ध्वनि ऐकत नाहीं. दूरच्या किंवा खोल भूकंपाचीं द्रुत आंदोलनें वाटेंतच जिरून जातात व उरतो तो संथ हेलकावा. पण धक्का लहान, जवळचा आणि कठीण खडकांतला असला म्हणजे त्याचीं द्रुत आंदोलनें पृष्ठभागापर्यंत टिकतात. मग जमीन नगाऱ्याच्या कातड्यासारखी हवेला ढकलते व गडगडाट होतो. म्हणून एखाद्या धक्क्यांत भांडें हललें नाहीं तरी आवाज मात्र मोठा होतो. आवाज मोठा म्हणून भूकंप मोठा, ही समजूत निराधार आहे. नांदेडकरांनीं तिच्यापायीं अनेक रात्री जागून काढल्या आहेत.

वेगाचीहि मर्यादा असते. पन्नास किलोमीटरांच्या टोंकावरून प्रकाश परत यावयास सेकंदाचा दोनहजारावा हिस्सा लागतो, आणि पहिला ठोका परतण्यापूर्वीं दुसरा सोडला तर दोहोंचा घोंटाळा होतो. म्हणून सेकंदाला दोन हजारच ठोके. आणि एका आंदोलनासाठीं निदान दोन नोंदी हव्या असल्यामुळें सेकंदाला एक हजार आंदोलनांपर्यंतच ऐकूं येणार. सतारीच्या वरच्या स्वरांस हें साधन अपुरें, पण भूमीच्या गडगडाटास पुरून उरेल. मात्र पांच हजार जागा आणि प्रत्येकीच्या दोन हजार नोंदी म्हणजे दर सेकंदास एक कोटी आंकडे झाले. ते सांठवावे कोठें आणि पाहावे कोणीं, हा प्रश्न पुढें लेसरपेक्षांहि महाग पडावयाचा.

हें सर्व केवळ कल्पनेंतलें नाहीं. काचतंतूनें पाण्यांतील ध्वनि ऐकण्याचे प्रयोग अमेरिकेंत १९७७ सालींच प्रसिद्ध झाले होते. आइसलंडमध्यें २०१५ त रेक्यानेस द्वीपकल्पावरील दूरध्वनीची पंधरा किलोमीटरांची केबल वापरून शास्त्रज्ञांनीं भूकंप तर टिपलेच, पण तीवरून जमिनींतील भ्रंशाच्या खुणाहि काढल्या. नवी केबल त्यांनीं पुरली नव्हती. आपल्या देशांत ईशान्येकडील रेल्वेनें रुळांच्या कडेच्या तंतूवरून हत्तींच्या पावलांचीं कंपनें ओळखण्याची योजना २०२२ पासून चालविली. तिला गजराज असें समर्पक नांव मिळालें. रुळांकडे येणारा हत्ती आधींच कळला तर गाडी सावकाश घेतां येते. आसामांतील हत्तीचें पाऊल जो तंतु ओळखतो तो निलंग्याच्या भूमीची कुरकुर ओळखणार नाहीं, असें मानावयास कारण दिसत नाहीं.

एका शंकेचा येथेंच उल्लेख करतों. जो तंतु रस्त्यावरच्या पावलांची चाहूल घेतो तो आपल्या दारावरूनहि गेलेला असतो. कोण केव्हां आलें-गेलें हें त्यावरून कळूं शकेल काय? कांहीं प्रमाणांत कळूं शकेल. म्हणून शहरांतल्या केबलीवर असें यंत्र बसवावयाचें तर कोणत्या नोंदी ठेवावयाच्या आणि कोणत्या ताबडतोब पुसावयाच्या, याचे नियम यंत्राआधीं ठरले पाहिजेत.

दुसरें असें कीं, हा तंतु भूकंपाचें भाकीत करीत नाहीं. कोणी तसें सांगूं लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. लहान धक्क्यांच्या मालिका अनेक ठिकाणीं येतात आणि बहुतेक ठिकाणीं कांहींहि न होतां शमतात. किल्लारीची मालिका तशी नव्हती, हें आपणांस १९९३ नंतर कळलें. धोक्याची सूचना द्यावी तर केंद्रापासून दहा किलोमीटरांवर पहिली लहर व दुसरी विध्वंसक लहर यांत सवा सेकंदाचेंच अंतर असतें. तेवढ्यांत अंथरुणावरून उठणेंहि होत नाहीं. घर पडूं नये यासाठीं भिंतच नीट बांधली पाहिजे. तेथें काचेचा तंतु कांहीं करूं शकत नाहीं. तो सांगूं शकेल तें इतकेंच कीं, काल रात्रीं ऐकलेला आवाज अमक्या जागीं, अमक्या खोलीवर झाला. मागच्या महिन्यांतले आवाजहि तेथलेच होते, किंवा ते सरकत चालले आहेत. पाऊस संपल्यावर खडकाच्या फटींत मुरणारें पाणी या धक्क्यांस कारण होत असावें, असा एक तर्क आहे. तो खरा कीं खोटा हें ठरवावयास अशा नोंदी वर्षानुवर्षें हव्यात.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत मार्च व जुलै २०२४ मध्यें ४·५ च्या आसपासचे धक्के बसले. ते नांदेडासहि जाणवले. त्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेस केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तीहि प्रकाशाच्याच साह्यानें, चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांच्या लांबींतला कल्पनातीत सूक्ष्म फरक मोजते, आणि तिला सर्वांत मोठा उपद्रव जमिनीच्या थरथरण्याचाच असतो. त्या कामासाठीं या भागांतील भूमीचीं कंपनें काळजीपूर्वक मोजावीं लागणारच आहेत.

गणिती प्रतिकृति तयार करावयास मात्र लेसर लागत नाहीं, केबल लागत नाहीं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांतील किंवा त्याच्या लातूर उपकेंद्रांतील दोघे-तिघे होतकरू विद्यार्थी, एक बरासा संगणक, किल्लारीच्या छिद्रांतून मिळालेल्या थरांची माहिती आणि गांवोगांवच्या विहिरींत दिसणारी मातीची जाडी, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. हासोरीच्या खालीं एक किलोमीटरवर धक्का बसला तर निलंग्याच्या रस्त्याकडेच्या केबलींत तो कसा दिसेल, आणि कोणता रस्ता निवडला असतां तो सर्वांत स्पष्ट दिसेल, हें त्यांनीं आधीं काढावें. मग यंत्र कोठें बसवावयाचें तें कळेल.